ज्योतीरामशी संपर्क साधा

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आमच्या ऑफिसच्या काचेला साठ-सत्तर माणसं चिकटली होती. त्यातली निम्मी आमच्या कंपनीची नव्हतीच. शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची पोरं मशीन सोडून आली होती, पलीकडच्या रबराच्या कारखान्यातला फोरमन नारळ घेऊन आला होता, आणि कुरुळी गावातल्या चार बायका हळदीकुंकवाचं ताट घेऊन थेट पहिल्या रांगेत उभ्या होत्या. फाटकाशी तीन टेम्पो मालाने भरून तयार होते. मालासोबतचं चलन छापल्याशिवाय ते हलणार नव्हते, आणि चलन छापणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये भूत शिरलं होतं.

हे माझं म्हणणं नाही, कॉम्प्युटरचंच होतं. काळ्या पडद्यावर पिवळ्या इंग्रजी अक्षरांत दोन ओळी लुकलुकत होत्या. वरची ओळ 'एरर ११४', खालची 'कॉन्टॅक्ट ज्योतीराम'. आणि ज्योतीरामला वारून आठ महिने झाले होते.

"मेलेला माणूस बोलावतोय राव!" फोरमन म्हणाला आणि त्याने चप्पल काढली. त्याचं बघून बाकीच्यांनीही काढल्या.

आत तारनाथ महाराज कामाला लागले होते. भगवी कफनी, छातीपर्यंत दाढी आणि गळ्यात तांब्याच्या तारेची माळ. 'तार जोडणारा तो तारनाथ' असं ते स्वतःच सांगत. त्यांनी मॉनिटरचं तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण म्हणे मेलेल्याच्या डोळ्यांत बघायचं नसतं. मग अंगावरची शाल कीबोर्डवर पसरली, दोन्ही हात शालीखाली घातले आणि मान हलवली. तसे आमचे मालक दादासाहेब, पंचावन्न वर्षांचा धिप्पाड माणूस, दोन्ही हातांनी घंटा बडवायला लागले.

"ये ज्योतीराम, ये!" महाराज ओरडले. "तार जोडली, वाट मोकळी केली! डिस्क सोड, डबा सोड, वायरीतून बाहेर पड! एकशे चौदा म्हणजे काय, लोकहो? एक बाई, एक यंत्र आणि चार खांदे! बाई हलली की यंत्र बसलं, यंत्र बसलं की चार खांदे लागले! बोल ज्योतीराम, काय पाहिजे? पाणी पाहिजे? पान पाहिजे?"

ज्योतीरामला जन्मात पान खाताना कोणी पाहिलं नव्हतं. पण हे बोलायची सोय नव्हती. सात-आठ मिनिटं घंटा, आरोळ्या आणि उदबत्तीचा धूर चालला. मग महाराजांनी शाल झटकन उचलली आणि मॉनिटर लोकांकडे वळवला. एरर गायब! कोपऱ्यातला जुना प्रिंटर खर्रर्र करून चलन ओकायला लागला. बाहेर असा जयघोष झाला की टेम्पोवाले दचकून जागे झाले.

या सगळ्याच्या मधोमध, जमिनीवर काढलेल्या हळदीच्या रिंगणात, खुर्चीवर या कॉम्प्युटरवर काम करणारी आमची रुपाली बसलेली होती. खुर्चीच्या चारही पायांना काळा दोरा गुंडाळलेला. तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं, कारण महाराजांचा तसा नियम होता. लोक कॉम्प्युटरकडे बघत होते. मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

आता हे प्रकरण मुळापासून सांगतो. मी ज्ञानेश, या कंपनीत डिस्पॅचला सुपरवायझर. त्याआधी परभणीकडे एका विनाअनुदानित शाळेत नऊ वर्षं विज्ञान शिकवत होतो. अनुदानाची वाट बघून बघून शेवटी चाकणची वाट धरली. इथे मला सगळे मास्तर म्हणतात, थोडं प्रेमाने आणि बरंचसं कीव म्हणून.

आमच्या कंपनीत गाड्यांच्या दारांचे कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, बनतात. कुठल्या पेटीत कुठला माल, कुठल्या गाडीतून कुणाकडे गेला, याचा सगळा हिशोब एका जुन्या प्रोग्राममध्ये आहे. बावीस वर्षांपूर्वी ज्योतीराम नावाच्या माणसाने तो फॉक्सप्रो या त्या काळच्या कॉम्प्युटरभाषेत एकट्याने लिहिला. ज्योतीराम फार सरळ माणूस. प्रोग्राममध्ये कुठेही बिघाड झाला तर पडद्यावर बिघाडाचा नंबर यावा आणि खाली आपलं नाव यावं, म्हणजे लोक घाबरणार नाहीत, फोन करतील, एवढीच त्याची योजना. वर्षातून एकदा-दोनदा 'एकशे चौदा' यायची. फोन केला की तो मोटारसायकलवर हजर, पाच मिनिटांत काम, मग अर्धा कप चहा आणि रामराम. काय केलं हे मात्र त्याने कधी लिहून ठेवलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. तो हृदयविकाराने गेला तेव्हा आम्ही हळहळलो, हार घातला, आणि त्याचं नाव पडद्यावर तसंच राहून गेलं.

पाच महिने काही झालं नाही. मग एका बुधवारी काम चालू असताना लाइट गेली, आणि आल्यावर कॉम्प्युटर म्हणाला, 'कॉन्टॅक्ट ज्योतीराम'. दादासाहेबांच्या हातातला चहाचा कप खाली पडला. सॉफ्टवेअरवाल्या दोन कंपन्यांना विचारलं. दोघांनी एकच सांगितलं, हे फेकून द्या, नवीन घ्या, सहा महिने लागतील. फाटकात टेम्पो उभे असलेल्या माणसाला सहा महिने म्हणजे जन्मठेप. तेवढ्यात कुणीतरी तारनाथ महाराजांचं नाव सुचवलं, महाराज आले, शाल पसरली आणि एरर गेली. बुडत्याला काडी मिळाली, पण ती काडी पुढे गळ्यातच अडकली.

जाताना महाराजांनी दोन आज्ञा केल्या. पहिली म्हणजे, गुरुवार हा ज्योतीरामचा वार. त्यामुळे बुधवारी संध्याकाळी प्रोग्राम बंद करायचा नाही, पडदा तसाच उजळता ठेवून जायचं, ती त्याची अखंड ज्योत. आणि दुसरी अशी की, या यंत्रावर ज्योतीरामने रुपालीला शिकवलं, म्हणून त्याचा जीव तिच्या हाताला बांधलेला आहे. ती हलली तर चार खांदे.

पहिली आज्ञा पाळायला सोपी होती. दुसरीने रुपालीच्या पायात बेडी घातली.

रुपाली कासारवाडीला राहते. सकाळी सहाला कंपनीची बस पकडायची, रात्री साडेआठला घरी. तिची तीन वर्षांची मुलगी मैत्री, सकाळी आई जाताना झोपलेली आणि आई येईपर्यंत पुन्हा झोपलेली. पिंपळे सौदागरला एका दवाखान्यात रेकॉर्डच्या कामाची नोकरी तिला मिळाली होती. आठ तासांची ड्यूटी, घरून पंधरा मिनिटांची वाट. फक्त इथून सुटल्याचं पत्र हवं होतं, आणि ते दादासाहेब देत नव्हते.

"पोरी, मी न्हाई म्हनतोय का?" ते म्हणायचे. "ज्योतीराम सोडंल तवा मीबी सोडीन. तू गेलीस आन कुनाचं काय बरंवाईट झालं, मंग?"

घरीही तेच. तिच्या सासूबाई यशोदाबाई लातूरकडच्या. 'चार खांदे' हा शब्द कानावर पडल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मुलगा भोसरीत पाळीवर जातो, रोज मोटारसायकलवरून. "नको बाई ती नोकरी," त्या रुपालीच्या हाताला धरून रडायच्या, "माझं लेकरू हाय गं रस्त्यावर." पत्र नाही म्हणून नोकरी नाही, आणि पत्र मिळालं असतं तरी घरातून उंबरा सुटत नव्हता. पुन्हा वर बाहेर या प्रोग्रामला कोणी विचारत नाही. बारा वर्षांत ती जे शिकली ते फक्त या एका खोलीत चालतं. "मास्तर," ती मला एकदा म्हणाली, "मेला तो सुटला. मी जिवंत असून या डब्यात अडकले."

दवाखान्याने तिला शेवटची मुदत दिली होती. त्या शुक्रवारनंतर दहा दिवसांनी, सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतो.

आणि मी काय करत होतो? मी वर्गात पोरांना भुताखेतांवर चार-चार तास सुनावणारा माणूस, इथे अकरा शुक्रवार हात बांधून उभा होतो. माझा करार दर सहा महिन्यांनी नवा होतो. घंटा मालकाच्या हातात असल्यावर तिला खोटं कोण म्हणणार?

तोंड आधी उघडलं ते रुपालीनेच. त्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत, रिंगणातून सुटल्यावर ती माझ्या टेबलाशी आली. तिच्या हातात एक कागद होता.

"मास्तर, भूत फाइलींची वेळ बदलतं का?"

"म्हणजे?"

"प्रत्येक फाइल शेवटची कधी लिहिली गेली ते कॉम्प्युटर सांगतो. एक फाइल आहे, मालाच्या यादीची अनुक्रमणिका. ती आज दहा वीसला नव्याने जन्मली आहे. दहा वीसला महाराजांचे हात शालीखाली होते. मागच्या शुक्रवारीही असंच, त्याच्या मागच्या शुक्रवारीही. मी चार वेळा लिहून ठेवलंय."

मी कागद घेतला. माझ्यातला मास्तर बऱ्याच दिवसांनी ताठ बसला.

एकशे चौदा म्हणजे काय, तेही तिने शोधलं होतं. ज्योतीरामने फक्त नंबर दाखवला होता, पण त्या नंबराचा अर्थ फॉक्सप्रोच्या जुन्या पुस्तकात सरळ दिलेला होता. अनुक्रमणिका आणि यादी जुळत नाहीत, जुनी अनुक्रमणिका पुसा आणि नवी बनवा. बस, एवढंच! एखाद्या पुस्तकात पानं वाढली आणि पुढची अनुक्रमणिका जुनीच राहिली, तर वाचणारा गोंधळतो, तसा प्रोग्राम गोंधळतो. अनुक्रमणिकेची फाइल पुसून प्रोग्राम पुन्हा सुरू केला की तो आपोआप नवी बनवून घेतो. एक बाई नाही, एक यंत्र नाही, आणि खांदे तर मुळीच नाहीत.

"करून बघितलंत?" मी विचारलं.

"आज सकाळी महाराज यायच्या आधी सगळ्या डेटाची नक्कल बाजूला काढली होती. आत्ता त्या नकलेवर केलं. एक मिनिट दहा सेकंद लागले. घंटा न वाजवता."

तिचं बोलणं शांत होतं. त्यामागे किती राग होता, हे मला उशिरा कळलं. अकरा शुक्रवार उपाशी बसवलं होतं तिला, एका मिनिटाच्या कामासाठी.

मग राहिला एकच प्रश्न. पूर्वी वर्षातून एकदा येणारी एरर आता दर शुक्रवारी का यायची? मी माझा फोन उघडला. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी, आणि वीजवाले दुरुस्तीची कामं गुरुवारीच काढतात. पुरवठा बंद राहणार असेल तर मला मेसेज येतो, कारण रंगाच्या भट्टीचं नियोजन माझ्याकडे आहे. मी मागचे अकरा गुरुवार काढले, तिने अकरा शुक्रवार सांगितले. आठ गुरुवारी लाइट गेली होती, आणि त्याच आठ शुक्रवारी एरर आली होती. तीन गुरुवारी लाइट होती. त्या तीन शुक्रवारी एरर नव्हती, आणि महाराजांनी 'आज तो प्रसन्न आहे' म्हणून जास्तीचे नारळ घेतले होते.

"अहो, म्हणजे ती ज्योतच..." रुपाली म्हणाली.

ज्योतच! बुधवारच्या शेवटच्या नोंदी, प्रोग्राम बंद केला की नीट जागेवर बसतात. उघडा ठेवला तर त्या अर्ध्या हातात राहतात. गुरुवारी दहाला लाइट जाते, बॅटरीचा जुना डबा दहा मिनिटं टूं टूं करून मान टाकतो, आणि कॉम्प्युटर हातातलं सगळं टाकून बेशुद्ध पडतो. यादी एकीकडे, अनुक्रमणिका दुसरीकडे. रोग म्हशीला आणि औषध पखालीला हे ऐकलं होतं, पण इथे औषध देणाराच दर बुधवारी म्हशीला रोग चारत होता.

आणि हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? गुरुवारी कंपनीत एकटा वॉचमन असतो. पंखा बंद पडला की लाइट गेली, हे त्याला कळायचं. पण दहा मिनिटांनी काचेतला पडदा काळा पडला की ज्योतीराम फिरायला निघाला, हे त्याला महाराजांनी सांगितलेलं होतं.

"वर्गात सांगायचो," मी म्हणालो, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. या बुधवारी प्रोग्राम बंद करून जा."

"पडदा काळा दिसला तर वॉचमन लगेच दादासाहेबांना फोन करेल."

हाही पेच तिनेच सोडवला. प्रोग्रामच्या पडद्याचं चित्र घेऊन ठेवता येतं, अगदी हुबेहूब. बुधवारी संध्याकाळी तिने प्रोग्राम नीट बंद केला आणि पडदाभर ते चित्र लावून ठेवलं. वॉचमनने काचेतून बघितलं, हात जोडले आणि तो गेला. त्या संध्याकाळी आमच्या कंपनीत एका फोटोची आरती झाली.

गुरुवारी दहा ते तीन पुरवठा बंद असल्याचा मेसेज मला आलेलाच होता. शुक्रवारी आम्ही दोघं बाकीच्यांच्या आधी ऑफिसात शिरलो. रुपालीने कॉम्प्युटर सुरू केला, प्रोग्राम उघडला. त्या पडद्यावर आता तिची पुढची सगळी वर्षं टांगलेली होती. पडदा एकदा लुकलुकला आणि साधा मेन्यू आला. एकशे चौदा नाही, ज्योतीराम नाही.

"झालं," ती म्हणाली आणि खुर्चीत मटकन बसली.

"झालं नाही," मी म्हणालो. "एरर आली नाही तर महाराज म्हणतील आज प्रसन्न आहे. त्यांना एरर द्यायला पाहिजे."

मागच्या शुक्रवारच्या एररच्या पडद्याचंही चित्र तिच्याकडे होतं. ते तिने पडदाभर लावलं. मग वाकून कॉम्प्युटरच्या मागून कीबोर्डची तार काढली आणि ती नुसती टेबलामागे लोंबत ठेवली. तारनाथ महाराजांची तार आम्ही काढून घेतली होती.

सव्वादहाला नेहमीची गर्दी, रुपाली नेहमीच्या रिंगणात. दादासाहेबांनी पडदा बघून कपाळाला हात लावला. "आलाच बघा पुन्हा!" महाराज आले, मॉनिटर भिंतीकडे, शाल, हात आत. "ये ज्योतीराम!" घंटा सुरू. पाच मिनिटं झाली, दहा झाली. महाराज मध्येच मॉनिटरच्या तोंडाकडे डोकावायचे, तर एरर तशीच. महाराजांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. शालीखाली हात नुसते थडथडत होते. दादासाहेबांचे दंड भरून आले, त्यांनी घंटा डाव्या हातात घेतली.

"काय म्हनतोय तो?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"भयंकर कोपलाय!" महाराज गरजले. "समोर उभा आहे माझ्या! म्हणतो, ही बाई मनातून पळून चाललीय! म्हणतो, चार खांदे आजच पाहिजेत! कोण तो मोटारसायकलवरचा, मला दिसतोय..."

रुपाली उठली. रिंगणाच्या बाहेर तिने पाय टाकला तेव्हा बाहेरच्या बायकांनी किंकाळी फोडली. तिने मॉनिटर लोकांकडे फिरवला, टेबलामागची तार उचलून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली आणि जागेवर खोचली. मग एकच कळ दाबली. एररचं चित्र बंद झालं आणि मागे मेन्यू दिसला.

"तो फोटो होता," ती म्हणाली. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. "आज एरर आलेलीच नाही. मग दहा मिनिटं तुमच्यासमोर कोण उभं होतं, महाराज? माझ्या नवऱ्यासाठी चार खांदे कोण मागत होतं?"

घंटा थांबली. महाराज "यंत्राला विटाळ झाला, विटाळ झाला" असं काहीतरी पुटपुटत शाल गोळा करायला लागले. तेवढ्यात दारातून कुसुमताई आत आल्या. कुसुमताई एकोणीस वर्षं आमचं ऑफिस झाडतात. त्यांनी महाराजांना जवळून, घामाने दाढी चिकटलेली असताना, पहिल्यांदाच निरखलं.

"आरं, ह्यो तर पिंट्या!" त्या म्हणाल्या. "ज्योतीरामभाऊंच्या मागनं प्रिंटरच्या रिबिनी घिऊन यायचा त्यो! चाकणला टायपिंगचं दुकान व्हतं ह्याचं! दाढी वाढीवली म्हनून वळाखलं न्हाई व्हय रं तुला?"

म्हणजे ज्योतीराम काय करतो हे पिंटूने मागे उभं राहून बघून ठेवलं होतं. शालीखाली तो प्रोग्राममधून बाहेर पडायचा, अनुक्रमणिका पुसायचा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. बोटांचा आवाज लपवायला घंटा, आणि पडदा लपवायला मेलेल्याचे डोळे. मी लोकांना हे सगळं सांगितलं, गुरुवारच्या लाइटचे मेसेज वाचून दाखवले. रबरवाला फोरमन नारळ पाठीमागे लपवत होता. पिंटू कधी सटकला ते कळलंही नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. मलाही तेच वाटलं होतं. पण पावडर कोटिंगवाल्याकडचा एक जण पुढे आला आणि त्याने चक्क रुपालीच्या पायावर डोकं ठेवलं. "ताई, तुमच्या हातात सिद्धी आहे. आमचाबी कॉम्प्युटर लय नंबर दाखवतो." हळदीकुंकवाचं ताट तिच्याकडे वळलं. आणि दादासाहेब गदगदून म्हणाले, "पोरी, आता तर तुला सोडनं शक्यच न्हाई. ही इद्या तुझ्यापाशीच हाय. तू गेलीस तर आमी कुनाकडं बघायचं?"

मी रुपालीचा चेहरा पाहिला. भुताच्या हातून सुटलेली बाई आता देवीच्या मखरात कोंडली जात होती. मला काही सुचेना.

तिला सुचलं. तिने प्रोग्राम उघडला, बंदच असलेल्या एका जुन्या मालाची एक खोटी नोंद घातली, आणि सगळ्यांच्या देखत भिंतीतला प्लग उपटला. बॅटरीचा डबा टूं टूं करू लागला, तिने त्याचंही बटण दाबलं. मग सगळं पुन्हा सुरू केलं. काळा पडदा, पिवळी अक्षरं: 'एरर ११४. कॉन्टॅक्ट ज्योतीराम.'

गर्दी दोन पावलं मागे सरली.

"बघा, मला पाहिजे तेव्हा बोलावलं," ती म्हणाली. "आता मी हात लावणार नाही. कुसुमताई, इकडे या."

"मी? आगं, मी चौथी पास."

"वाचता येतं ना? मग या."

तिने एक कागद भिंतीला चिकटवला. आधीच लिहून ठेवलेला असावा, मोठ्या मराठी अक्षरांत. कुसुमताईंनी हात पदराला पुसले, खुर्चीत बसल्या आणि बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत वाचायला लागल्या. प्रोग्राम बंद करा. 'अनुक्रमणिका' लिहिलेलं चित्र उघडा. त्यातली फाइल पुसा. "ही का? ही का गं?" रुपालीने तोंडावर बोट ठेवलं आणि कागदाकडे हात केला. कुसुमताईंनी पुन्हा वाचलं, धाडस करून कळ दाबली. प्रोग्राम पुन्हा सुरू करा. खाली एक आकडा वाढत गेला, आणि मेन्यू आला.

"झाला का संपर्क?" गर्दीतून कोणीतरी घाबरत विचारलं.

"कसला संपर्क?" कुसुमताई म्हणाल्या, आणि त्या स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. "मीच केलं की!"

दादासाहेबांनी भिंतीवरचा कागद एकदा वाचून काढला. मग त्यांनी घंटा टेबलावर ठेवली. "मंग बारा आठवडं मी ही कशापायी बडवीत व्हतो?" ते कुणालाच उद्देशून म्हणाले नाहीत. त्या दिवशी त्यांनी कागदाच्या चार प्रती काढायला लावल्या, बॅटरीचा डबा बदलायला सांगितला, आणि बुधवारी प्रोग्राम बंद केल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही अशी पाटी लावली. संध्याकाळी रुपालीच्या पत्रावर सही झाली. यशोदाबाईंना मात्र लगेच पटलं नाही. मुलगा रोज सुखरूप घरी येतो हे त्यांनी महिनाभर बघितलं, मग हळूहळू त्यांचा जीव खाली बसला.

पण त्याची वाट न बघता, त्या सोमवारीच रुपाली दवाखान्यात हजर झाली.

आणि आता वाचणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्याही कचेरीत एखादा जुना डबा असेल, मध्येच एखादा आकडा दाखवून अडून बसणारा. आकडा म्हणजे शाप नव्हे, तो निरोप असतो. आधी त्याचा अर्थ बघा. केव्हा येतो ते लिहून ठेवा, एकच गोष्ट बदला आणि पुन्हा बघा. कुणी हात शालीखाली घालत असेल तर शाल उचला, मालक घंटा वाजवत असला तरी. मी अकरा शुक्रवार ती उचलली नाही, आणि त्यातला प्रत्येक शुक्रवार एका बाईने उपाशीपोटी भोगला. आणि ज्याला उत्तर सापडतं, त्याच्या पाया पडू नका. त्याच्याकडून ते लिहून घ्या आणि त्याला घरी जाऊ द्या.